पिकअपमधून बुखेनवाल्ड

सगळ्यात आधी आम्ही फाटक उभं करतो. लोखंडी पट्ट्यांचं, दोन भागांत सुटणारं, मंचरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेलं. फाटकावर अक्षरं आहेत, ‘ज्याचं त्याला’. बाहेरून येणाऱ्याला ती उलटी दिसतात. आत येऊन मागे वळून पाहिलं तरच सुलट वाचता येतात. त्यामुळे दर गावात कुणीतरी येऊन सांगतंच, “ताई, फाटक उलटं लावलंय तुमी.”

आणि दर गावात मला तितकाच आनंद होतो, कारण माझं काम तिथून सुरू होतं.

“उलटं नाही, मामा. ते तसंच होतं. आतल्या माणसानं रोज वाचावं म्हणून.”

“आतला म्हंजी?”

“कैदी. या, दाखवते.”

मी एक पोस्टर प्रदर्शन घेऊन जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फिरते. विषय जर्मनीतल्या एका छळछावणीचा इतिहास. आमची संस्था म्हणजे तीन निवृत्त शिक्षक, एक पिकअप, पिकअप चालवणारे गेणूकाका आणि मी. दिवाळी अंकात अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक पेन्शनीत गेलेली असतात. मला अजून तिशी गाठायची आहे. पण पाच वर्षं रस्त्यावर काढल्यावर सांगण्यासारखं साठतं, आणि माझ्याच्यानं धीर धरवत नाही.

धीर न धरवणं हे घरातूनच आलंय. आम्ही अवसरी बुद्रुकचे. पणजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरात देव्हाऱ्याच्या कोनाड्यात पत्रकं आहेत. सभेची, मोर्चाची, निषेधाची, पिवळी, गुलाबी, कडा फाटलेली. मी अंकलिपीच्या आधी ती वाचली. शाळेत पहिला निबंध गाईवर लिहायला सांगितला, तर मी ‘बंधू-भगिनींनो, गाय जागी झाली पाहिजे!’ अशी सुरुवात केली होती. बाईंनी दहापैकी पाच दिले. वडील म्हणाले, पाच कमी पडले, पण सुरुवात बरोबर आहे.

अशा मुलीला पहिल्या दिवशी शिक्षकांनी कामाचा एकच नियम सांगितला. “दाखवायचं, सांगायचं आणि गप्प बसायचं. ही छावणी म्हणजे आपल्याकडचं अमुक, असं कधी म्हणायचं नाही. तसं म्हणणं मेलेल्यांवर अन्याय आहे. आणि ज्याला काही आठवायचं असेल त्याला ते तुझ्याशिवाय आठवतं.” नियम बरोबर आहे. आमच्याकडच्या कुठल्याही अन्यायाला बुखेनवाल्ड म्हणणाऱ्याशी मी आज भांडते. पण गप्प बसणं! भर उन्हात घोडेगावच्या स्टँडपाशी पंचवीस फलक टांगणं मला सोपं जातं, गप्प बसणं अजून जात नाही.

हे इथं कशाला, हा पहिला प्रश्न. घोडेगावात तहसील कचेरीच्या कामाला आलेले एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, “आमचे सातबारे निघत नाहीत आणि तुम्ही जर्मनी काय दाखवताय?” मी उत्तराला पदर खोचणार, तोवर गेणूकाका दोरी आवळत म्हणाले, “पावणं, सातबारा निघस्तोवर तुमाला दुसरं काय काम हाय? बघा की.” गृहस्थांनी सगळं प्रदर्शन पाहिलं आणि त्यांची रांगेतली पाळी चुकली.

गेणूकाका पश्चिमेकडच्या डोंगरातले. भात, नाचणी, वरई पिकवणारं घर. वय साठीकडे झुकलेलं, चौथीपर्यंत शाळा, आणि वाऱ्यात फलक कसा बांधायचा याचं जबरदस्त डोकं. पाच वर्षं आम्ही एकाच डब्यातून जेवतोय. माझ्या आईच्या हातची वाटाण्याची आमटी असली की ते डबा माझ्याआधी उघडतात.

धंद्यातल्या गोष्टी थोड्या सांगते. एकच छावणी का, तर सगळं दाखवायला गेलं की माणूस आकड्यांत हरवतो. एक जागा तासाभरात नीट पाहून होते. बुखेनवाल्ड म्हणजे बीच नावाच्या झाडांचं रान. आपल्याकडे पिंपळगाव, वडगाव असतं तसंच. वायमार नावाच्या शहरावर एक डोंगर आहे, त्या डोंगरावर ही छावणी. शहर कवींचं, नाटकवाल्यांचं, देशभर नावाजलेलं. कैद्यांकडूनच रान तोडून घेतलं, पण एक ओक राखला, कारण फार मोठ्या कवीची आठवण त्या झाडाशी जोडलेली होती. कवीच्या झाडाला हात लावायचा नाही, झाडाखालच्या माणसाला काहीही करा! कुंपणाला लागून पहारेकऱ्यांच्या बायकापोरांसाठी छोटं प्राणिसंग्रहालय होतं, त्यात अस्वलं. हा फलक आला की गर्दी आपोआप थांबते. एक बाई म्हणाली होती, “अस्वल बघाया आलेल्या पोरांनी पलीकडं बघितलं नसंल का गं?” मी गप्प बसले. नियमाप्रमाणे.

आणि फाटकावरची ती अक्षरं! ती आखली एका कैद्यानं. तो ज्या कलाशाळेत शिकला होता, ती नाझींना डोळ्यांसमोर नको होती. या गड्यानं त्याच शाळेच्या वळणाची अक्षरं थेट त्यांच्या फाटकावर चढवली. वर्षानुवर्षं पहारेकरी त्याखालून गेले, कुणाला पत्ता नाही. हे सांगताना माझा आवाज दर वेळी चढतो. चढू दे. असा पत्रक काढणारा मी दुसरा पाहिला नाही.

फजितीही सांगते. आळे गावच्या एका मंडळानं बोलावलं होतं. आम्ही आदल्या दिवशी फलक लावून गेलो. सकाळी येऊन पाहते तर छावणीच्या पहिल्या मुख्य अधिकाऱ्याच्या फोटोला झेंडूचा हार! खाली उदबत्ती. मी किंचाळलेच.

मंडळाचा अध्यक्ष गडबडला. “अवो ताई, फोटो टांगलाय, काळापांढरा हाय, म्हंजी माणूस गेलेला. गेलेल्याला हार घालत्यात.”

“हा नुसता गेलेला नाही, यानं हजारो माणसं घालवली!”

“मग टांगला कशाला?”

प्रश्न तिखट होता. हार काढता काढता अध्यक्षानं विचारलं, “मग ह्याला मारलं कोणी?”

“त्याच्याच लोकांनी गोळी घातली. कैदी मारले म्हणून नाही. छावणीतला पैसा खाल्ला आणि ते लपवायला साक्षीदार संपवले म्हणून.”

गर्दीतून आवाज आला, “म्हंजी ऑडिटात गावला!”

त्यानंतर आम्ही तो फोटो गुडघ्याएवढ्या उंचीवर लावायला लागलो, कुणी हार घालू नये म्हणून. तर लोक त्याला बघायला वाकायला लागले! दुरून दिसायचं की अख्खं गाव त्याला नमस्कार घालतंय. शेवटी गेणूकाकाच म्हणाले, “वर नको, खाली नको. बाकीच्यांच्या रांगंत लाव. डोळ्याला डोळा.” तेव्हापासून तो रांगेत आहे, चौकटीशिवाय.

आता अठराव्या फलकाबद्दल. हे सगळं मी खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलंय.

अठराव्या फलकावर छावणी नाही, शेजारी आहेत. लढाईच्या शेवटी अमेरिकी सैन्य आलं आणि त्यांनी वायमारच्या नागरिकांना डोंगर चढून छावणी पाहायला लावली. फोटोत चांगल्या कपड्यांतली माणसं चालली आहेत. काही बायकांनी नाकाला रुमाल धरलाय. खाली आम्ही लिहिलंय: ‘पुष्कळजण म्हणाले, आम्हाला माहीत नव्हतं.’ बाजूला त्यांना काय काय दिसत होतं ते आहे. कैदी स्टेशनावरून चालवत नेले जायचे. छावणीची स्वतःची भट्टी होण्याआधी प्रेतं शहरातल्याच दाहगृहात यायची. शहरातून वर माल जायचा.

मी या फलकापाशी पोचले की गेणूकाका पिकअपची ताडपत्री बघायला बाहेर जायचे. पाच वर्षं मी समजत होते की त्यांना तंबाखूची तलफ येते.

मागच्या मे महिन्यात प्रदर्शन त्यांच्याच गावाला जायचं ठरलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. काका म्हणाले लिही, तरी नाही. मी तर हरखले होते! आदल्या दिवशी घोडेगावला चहा पिताना काका म्हणाले, “सुजाता, आमच्याकडं अठरा नंबर नको लावू.”

“का?”

“भिंतीला ओल हाय.”

“ग्रामपंचायतीचं सभागृह नवं आहे. तुम्हीच सांगितलंत.”

“मग जागा कमी पडंल.”

“काका.”

त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मग सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ कधीच वारला. वहिनी, हिराबाई, एकटीनं शेत आणि मुलगी सांभाळायची. मुलीनं मंचरच्या कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा बौद्ध. गावातल्या चार कारभाऱ्यांनी बसून ठरवलं, हिराबाईच्या दारात कुणी जायचं नाही. गिरणीवाल्यानं तिचं दळण बंद केलं. सावडीतून तिचं नाव गेलं. सावड म्हणजे भातलावणीला आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. डोंगरात एकटीनं लावणी होत नाही. दोन पावसाळे तिची खाचरं पडून होती. आणि काकांचं घर तिच्या घराला लागून आहे, मधे फक्त एक कुडाची भिंत.

“तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“काय न्हाई.”

मी पेटले. चहावाला वळून बघेपर्यंत पेटले. “माझ्या डब्यातली भाकरी तुम्हाला चालते, आणि तुमच्या पुतणीनं केलेला आमच्यातला नवरा चालत नाही?”

“मला चालतो गं.”

“मग?”

“तुझ्या डब्यातली भाकरी गावानं बघितलीय व्हय?”

 मला सुचलं ते सगळं कायद्याचं होतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, माझ्या पिशवीत त्याचं पत्रक आहे, उद्या आपण तक्रार देऊ. काका ऐकत राहिले. “पोलीस येत्याल, पंचनामा करत्याल, जात्याल. लावणीला येत्याल का? तू पत्रकं वाचून मोठी झालीस पोरी. मी गावात ऱ्हाऊन मोठा झालो. मला तितंच मरायचंय.”

“फलक लागणार,” मी म्हणाले.

“लाव. मी गाडीत बसून ऱ्हाईन.”

त्या दिवशी डबा आम्ही दोघांनी वेगवेगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी काकांनी फाटक उभं केलं, दोऱ्या ताणल्या, अठराव्या फलकाची गाठसुद्धा त्यांनीच मारली, आणि जाऊन पिकअपमध्ये बसले. गाव लोटलं. चार कारभाऱ्यांपैकी सगळ्यात वयस्कर पुढे, पांढरी टोपी, तल्लख म्हातारा. कैद्यांच्या कपड्यांवरच्या रंगीत त्रिकोणांचा फलक आला. लाल राजकीय कैद्याचा, हिरवा गुन्हेगाराचा, ज्यूंना पिवळा. म्हातारा निरखून म्हणाला, “एवढी उठाठेव कशाला? आमाला तर बिनखुणंची माणसं वळखू येत्यात.”

लोक हसले. मी ओठ दाताखाली धरला. माझ्या डोक्यात किती घोषणा तयार होत्या!

तेवढ्यात हिराबाई आत आली. कुणी सांगायची गरज पडली नाही, कारण गर्दी पाण्यासारखी दोन्हीकडे सरकली. जागा सरकारी, तिला कुणी अडवू शकत नव्हतं. कुणी अडवलंही नाही. फक्त ती ज्या फलकापाशी जाईल, तिथली माणसं पुढच्या फलकाकडे सरकायची. काठापदराचं जुनं लुगडं, हातात विळा, रानातून सरळ आलेली. ती एकेक फलक सावकाश बघत होती, आणि तिच्याभोवती पाच हात मोकळी जमीन तिच्याबरोबर चालत होती.

ती अठराव्यापाशी आली. सांगायला मी पुढे झाले. फलक दाखवायची काठी माझ्या हातातून कुणीतरी घेतली. काका होते. गाडीतून कधी उतरले, कळलं नाही.

त्यांनी पाच वर्षांत एकही फलक सांगितला नव्हता. आणि हा तर त्यांनी कधी पुरता ऐकलाही नव्हता, निदान मी तसं समजत होते.

“हे खालचं शहर,” ते म्हणाले. “वर डोंगरावं छावणी. टेशनापासून कैदी चालवत न्यायचे, लोकांच्या डोळ्यांदेखत. मेलेली माणसं जाळाया खाली शहरातच आणायचे. शहरातनं वर माल जायचा. मग लढाई संपली. आमेरिकंच्या लष्करानं शहरातल्या लोकांना वर आणलं. म्हणले, बघा. ह्या बाया बघ, नाकाला रुमाल लावून चालल्यात. आन् लोक म्हणले, आमाला म्हाईत नव्हतं.”

काठी खाली आली.

“वहिनी, मला म्हाईत व्हतं. तुमचं दळण माघारी धाडलं, तवा मी गिरणीतच बसलो व्हतो. मान खाली घालून.”

 म्हातारा म्हणाला, “गेणू, प्रदर्शनाचं बोल.”

“प्रदर्शनाचंच बोलतोय, कारभारी.”

हिराबाई रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विळा या हातातून त्या हातात घेतला. “भावजी, तुमाला म्हाईत व्हतं, ते मलाबी म्हाईत व्हतं. कुडातनं तुमचा खोकला ऐकू येतो मला. लावणीचं बोला.”

“येतो.”

“आणिक कोण?”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. “मी.”

“दोघांनी खाचर उरकतं व्हय?”

“मी येते!” हे मी ओरडले. नियम, शिक्षक, गप्प बसणं, सगळं विसरून.

हिराबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “लावणी येती का तुला?”

“नाही!”

पहिल्यांदा ती हसली, आणि तिच्याबरोबर पाच-सहा बायका हसल्या. हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाबरोबर हसलो, आणि त्या पटकन फाटकाकडे वळल्या. ‘ज्याचं त्याला’, सुलट, समोर.

गावानं काकांना काय केलं ते सांगते, म्हणजे कुणाला हे गोड वाटायला नको. जून उजाडायच्या आत त्यांचंही दळण बंद झालं. काकू माहेरी जाण्याची भाषा करू लागली. काका घोडेगावहून पिकअपमधून दोन घरांचं पीठ न्यायचे. मी तक्रारीचा कागद लिहून तयार ठेवला होता. काका म्हणाले, “ठिव जवळ. आधी लावणी.”

जुलैत मी गेले. खाचरात गुडघ्याएवढा चिखल, हातात रोपांची जुडी, आणि ओळीत आम्ही चौघं: हिराबाई, काका, तोंड फुगवून आलेली काकू आणि मी. अख्ख्या ओळीच्या जागी चौघं म्हणजे दात पडलेलं तोंड. मी एक रोप लावायची तोवर हिराबाई सहा लावायची.

“अगं, खुपसती काय अशी? मुळी मोडंल. दोन बोटांनी धर. पोस्टर न्हाई ते.”

“वाऱ्यानं पडणार तर नाही ना?”

“तू लावलेलं पडंल.”

बांधावर लोक येऊन उभे होते. कामाला जाताना थांबलेले, डोक्यावर इरली, हातात काठ्या. बघत होते. मला ती माणसं ओळखीची वाटली. पाच वर्षं मी अठराव्या फलकावर त्यांच्याकडे काठी रोखून बोलत आलेय. या वेळी माझ्याकडे काठी नव्हती. तोंडात चिखल उडाला होता, आणि कंबर अशी दुखत होती की घोषणा द्यायला सरळ उभं राहणंही जमेना.

मग कुणीतरी बांध उतरलं. मी वाकलेली होते, मला आधी पाय दिसले. जोडवी घातलेले, चिखलात सावकाश बुडणारे. मधल्या वयाची बाई. सभागृहात हसलेल्यांपैकी होती की नाही, सांगता येत नाही. तिनं कासोटा घट्ट केला. हिराबाईकडे पाहिलं नाही, काकांकडे पाहिलं नाही. बांधावरून कुणी तरी तिचं नाव घेऊन हाक मारली. तिकडेही पाहिलं नाही.

हिराबाईनं आपल्या हातातल्या जुडीतली अर्धी रोपं तिच्याकडे केली. तिनं घेतली. माझ्या आणि काकांच्या मधे जागा मोकळी होती. ती तिथं वाकली आणि लावायला लागली.